एका कॉर्डवर दहा मिनिटं

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठणठणीत आहे. भिंतीला ओल आली होती ती घरमालकाने एकदाची दुरुस्त करून दिली, त्यामुळे माझा पियानो पुन्हा खिडकीपाशी गेलाय.

मोठी बातमी म्हणजे हॉटेलातलं वाजवणं मी सोडलं. घाबरू नकोस, विचार करून सोडलं. इतकी वर्षं लोक सूप पीत होते आणि मी कोपऱ्यात जॅझ वाजवत होते. चांगलं वाजवत होते, हे तुला सांगायला नको. पण मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने ताटातून मान वर न काढता विचारलं, आवाज जरा कमी करता येईल का. मनात म्हटलं, बास झालं.

आता मी एका फंक बँडमध्ये आहे. फंक म्हणजे अंगात भिनणारं, नाचायचं संगीत. जॅझमध्ये मी बघता बघता दहा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांचे गुच्छ, बदलायचे. इथे एकच कॉर्ड धरून दहा मिनिटं काढायची, आणि तरी ऐकणाऱ्याला जागेवर बसू देता कामा नये. मला सोपं वाटलं होतं. पहिल्याच प्रॅक्टिसला मी माझी सगळी हुशारी ओतली. ड्रम्स वाजवणारी बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ती मध्येच थांबली आणि शांतपणे म्हणाली, "छान वाजवता. पण फार वाजवता."

माझे कान लाल झाले. डावा हात तर जवळजवळ बांधूनच ठेवावा लागला, कारण खालचे सूर बेस गिटारचे, तिथे आपली लुडबुड चालत नाही. घरी येऊन रोज मी न वाजवण्याचा रियाज केला. हसू नकोस, खरंच केला. आता दोन-तीनच सूर मारते, पण असे नेमके की समोरच्याचा पाय आपोआप हलतो. परवा आमचा पहिला कार्यक्रम झाला. लोकांनी खुर्च्या आपणहून भिंतीकडे सरकवल्या. या वयात घामाघूम होईपर्यंत वाजवायला मिळालं गं.

बेस कोण वाजवतं ते अजून लिहिलं नाही. तो वाजवतो. तुझा नवरा होता तो. बँडने मला बोलावलं तेव्हाच हे मला ठाऊक होतं. तुमचा घटस्फोट झाला त्या दिवशी मी त्याला भावजी म्हणणं सोडलं, अजूनही म्हणत नाही. घरच्या गोष्टी आम्ही काढत नाही. पण त्याचा बेस आणि माझा कीबोर्ड एकमेकांना जागा देतात. असं मला आजवर कुणाबरोबर जमलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तुमच्या गावात कार्यक्रम आहे. त्यानेच विषय काढला. म्हणाला, "तिला आधी कळव. तिला नको असेल तर त्या दिवशी दुसरा कुणी वाजवेल."

तेवढं तू ठरव, तू म्हणशील तसं होईल. बँड मात्र मी सोडणार नाही.

आधी विचारायचं होतंस, असं तू म्हणशील. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी नेहमीसारखं ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही.

भांडायला का होईना, फोन कर.

अजूनही तुझ्याच बाजूची,
धाकटी