इंजिन बंद केल्यावर

कारंजा, २ सप्टेंबर १९७४
पोचलो. अकोल्याच्या आमच्या दैनिकाने पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, हवाई फवारणी पाहायला पाठवलं आहे. जन्मभर संस्कृत व्याकरणाची कौमुदी घोकली, आता अळ्या! फवारणी कंपनीचा तळ मानोरा रस्त्यावर, तांड्याला लागून. तंबू कोरडा, चहा गोड, वैमानिक उदयसिंग दिसायला राजबिंडे. हेलिकॉप्टरचं नाव मी मनात ‘मशक’, संस्कृतातला डास, ठेवलं. काचेच्या फुग्यात तीन खुर्च्या. कडेची मला द्यायचं त्यांनी कबूल केलं. स्वयंपाकाच्या कमलीबाईंनी बजावलं, ‘गुर्जी, खाऊन नोका जाऊ, वरून आमच्याच पऱ्हाटीवर पडन.’

५ सप्टेंबर
नागपूरच्या पेपराचा फुलचंद आला. पंचविशीचा, गळ्यात कॅमेरा. भाकरीवर तूप त्याच्याच.
इथली रीत कळली: पाती फिरताना जवळ जायचं नाही. बांधावरून कंपनीचा झेंडेवाला रामधन पांढरा झेंडा उंच करील, तेव्हाच वाकून जायचं. उद्या शिकाऊ वैमानिक मोहनसिंगचा संकटाचा सराव. वर नेऊन इंजिन बंद करायचं आणि नुसत्या वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांवर उतरायचं. कडेची खुर्ची माझी.

६ सप्टेंबर
खुर्ची फुलचंदला दिली. कॅमेरा आहे म्हणून. ‘तुमी उद्या जा ना, काका,’ म्हणाला. काका!
वर इंजिन बंद झालं. पात्यांची सूंसूं तेवढी. मग यंत्र तिरकं होऊन पऱ्हाटीत आदळलं. मधला मोहनसिंग बाहेर फेकला गेला. पाय मोडला, वाचला. उदयसिंग आणि फुलचंद जागीच गेले.

८ सप्टेंबर
पहिल्या पानावर फुलचंदचा फोटो, आमच्या दैनिकातसुद्धा. खाली माझी बातमी, बिननावाची. वाईट वाटायला हवं, वाटतंही. पण असूया सुतक पाळत नाही.

११ सप्टेंबर
सांगाडा कालच ट्रकने नेला. तरी भर दुपारी डोक्यावर घरघर. थांबली. मग सूंसूं. बांधावर झेंडा वर झाला, आणि रामधन माझ्याशेजारी बसलेला.
कमलीबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. म्हणाल्या, पाहू नोका, मधली खुर्ची रिकामी हाये, भरून नेतीन.

१२ सप्टेंबर
पाहिलं. फुग्यात दोघे, मधे जागा. फुलचंद हात करतो — मला.
तार केली: परत बोलवा, दुसरा पाठवा.

१४ सप्टेंबर
आज ते यंत्र तंबूपर्यंत आलं. पात्यांच्या वाऱ्याने पऱ्हाटी आडवी झाली. डोक्यावरून घोंगडी घेतली. नाही जाणार. नाही —

१५ सप्टेंबर
माझ्या जागी भिवाजी आला. पहिलीच नोकरी. सुटलो, चारची एस.टी.

दुपार. घरघर थांबली. झेंडा वर.
भिवाजी निघालाही — वाकून. कमलीबाई ओरडताहेत, ‘बाबू, काहून चाल्ला? माघारी फिर!’
फुलचंदने दार उघडलं. त्याला. माझ्याकडे बघतही नाही.
आज सकाळी आलेलं पोर —
खुर्ची आधी मी मागितली होती. मी! वही हातातच, पळतोय — भिवाजी, हो बाजूला — काच गार — फुलचंद सरकून जागा —