माझा आवाज कंपनीत जमा आहे

जालना, गुरुवार

शहागडच्या पुलाअलीकडे टायरच्या दुकानात बसून अख्ख्या हायवेच्या चाकांत हवा भरणारे, पण स्वतःच्या तोंडातून शब्द काढताना कंजूषपणा करणारे आमचे सुग्रीवदाजी यांना, घसा शाबूत असूनही मुका झालेल्या मेव्हण्याचा हात जोडून रामराम.

जयवंताअक्काचा गुडघा कसा आहे? तेल लावते, का तुमच्यावर चिडून तशीच शेळ्यांमागे फिरते? (ही विचारपूस मी स्वतः करतो आहे. असं लिहावं का लागतं, ते पुढे कळेल.) इकडे सगळं ठीक. घरात हल्ली शांतता असल्यामुळे हिची तब्येत फार सुधारली आहे.

दाजी, बियाण्याच्या कंपनीत मी जन्मभर तोंडाची भाकरी खाल्ली. लोक तोंड बंद ठेवून नोकरी टिकवतात, मी उघडं ठेवून टिकवली. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. शेतकरी मेळाव्याच्या आधी तासभर गावात जायचं, एखाद्या ओट्यावर चहा घ्यायचा, कोण गेलं, कुणाकडे पाळणा हलला, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाचं नाव आधी घेतलं म्हणजे कोण रुसेल, सगळं विचारून घ्यायचं आणि मगच माईकला हात लावायचा. बियाण्याची माहिती पिशवीवर छापलेली असते. समोर बसलेल्या माणसाची कुठे छापलेली असते? ती चहातूनच मिळते. (त्या चहाचा खर्चा मी कंपनीकडे कधी लावला नाही, हेही आता चुकलं असं वाटतं.)

गेल्या वर्षी गिरधारीलालशेठचा अमन शिकून परत आला. गुणी मुलगा, भेटला की वाकून नमस्कार करतो. (वाकलेला माणूस खालून काय उचलतो ते बघायला पाहिजे होतं.) त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं, आलं आणि मध घातलेला चहा पाजला आणि म्हणाला, "काका, जे येतं ते सगळं बोला. तुमचा आवाज अमर करायचाय." दाजी, वक्त्याला अमर हा शब्द ऐकवणं म्हणजे बोकडाला पाला दाखवणं. मी महिनाभर पाला खाल्ला. जुन्या मेळाव्यांचे व्हिडिओसुद्धा हौसेने शोधून दिले. बोंडअळीपासून बळीराजापर्यंत जेवढं पोटात होतं तेवढं ओकून मोकळा झालो, आणि बाहेर आलो तेव्हा माझी गरज संपलेली होती.

आता ते यंत्र माझ्या आवाजात बोलतं. माझं हसू हसतं. विनोद झाला की मी जरा खोकतो, लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून. तर तेही खोकतं, फुप्फुस नसताना! माझ्या लग्नात मी जबरदस्तीने तुमच्या हातात माईक दिला आणि तुम्ही "जेवा आता" एवढंच बोलून खाली उतरलात, तो किस्साही सांगतं आणि बराबर त्याच जागी हशा घेतं. मला नवं पद मिळालं, आवाज तपासनीस. यंत्र बोलतं तेव्हा शेजारी बसायचं, बोलणं आबारावांसारखं वाटलं तर हिरवं बटण, नाही वाटलं तर लाल. म्हणजे मी माझ्यासारखा आहे की नाही, यावर मी पगार घेतो.

तुम्ही म्हणाल, आबाराव यंत्राच्या विरोधात गेला. बिलकुल नाही. मोट जाऊन मोटार आली तेव्हा बांधावर उभं राहून भाषण करणारा मीच होतो. पण मोटारीने विहीर उपसली तर खालचे झरे ती पुन्हा भरतात. इथे माणूस उपसला आणि झऱ्यांवर सिमेंट ओतलं. आमच्याकडची तृप्ती बघा. कृषी पदवीधर पोरगी, घनसावंगीला पहिल्यांदा बोलली तेव्हा माईकपेक्षा तीच जास्त थरथरत होती. पण पुढच्या हंगामात एका दांडगटाने "तुझ्या बापानं तरी कपाशी लावल्ती का?" म्हणून टोकलं, तर तिने त्यालाच पुढे बोलावून पानावरचे मावा-तुडतुडे ओळखायला लावले. तो ओळखू शकला नाही, गाव हसलं, आणि माझ्या मनात आलं, माझ्यानंतर ही. आता ती टेबलावर मोबाईल ठेवते आणि बाजूला उभी राहते. विचारलं तर म्हणाली, "काका, मला आता स्वतःहून बोलायची भीती वाटून राह्यली. मशीनपेक्षा वाईट बोलले तर?" दाजी, वाईट बोलल्याशिवाय चांगलं बोलता येतं का कुणाला? पडायचीच सोय काढून घेतली, तर पोर चालणार कधी?

मग धावड्याचा मेळावा आला. भोकरदन तालुक्यातलं हे गाव म्हणजे माझं जुनं ठिकाण. यंत्राला चहा लागत नाही, म्हणून आम्ही थेट मंडपात उतरलो. माझ्या आवाजाने सुरुवात झोकात केली, आणि जुन्या व्हिडिओत मी करतो तशी विचारपूस सुरू केली, "गोरक्षनाथराव, गुडघा काय म्हणतो? उठू नका, बसूनच ऐका." गोरक्षनाथराव दिवाळीतच वारले. त्यांची चतुराबाई पुढच्याच रांगेत बसली होती. तिला वाटलं, बोलतोय तो मीच. पदर सावरून म्हणाली, "आबाराव, ते गेले की. तुम्हीच तर खांदा द्यायला आल्ता." आणि माझा आवाज म्हणाला, "अरे वा, ऐकून आनंद झाला! मंग यंदा कपाशी किती एकर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आबाराव पिऊन आला का काय?" दुसरा म्हणाला, "न्हाई रे, मोबाईल पेलाय."

मी उठलो. माईक हातात घेतला. ज्या माणसाने पावसात, लाईट गेलेल्या मंडपात, दगड पडत असताना भाषणं केली, त्याला एक वाक्य सुचेना. खरं सांगतो, आता आबाराव काय बोलतील याची मीच वाट बघत होतो. शेवटी चतुराबाई उठली, तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "बसा भाऊ. घसा बसला असंल." ज्या बाईची माफी मागायची तिनेच मला पाणी पाजलं, आणि मी ते पिऊन खाली बसलो.

परत आल्यावर अमनला सांगितलं. तो हळहळला आणि म्हणाला, "काका, डेटा जुना होता. ते नाव काढून टाकलंय." दिवाळीत त्याच माणसाला घरातून काढताना चतुराबाईला दोघींनी धरावं लागलं होतं, इथे एका बोटात काम झालं. गिरधारीलालशेठ शेजारीच होते. माझ्या भाषणाला मागच्या खुर्चीत येऊन बसणारा माणूस. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अपने हाथ में अब क्या है, आबाराव." कंपनी त्यांची आहे, दाजी.

तर मुदतीआधीच मला सेवापूर्तीचा नारळ मिळतो आहे. रविवारी सकाळी कंपनीच्या आवारात समारंभ. मानपत्र यंत्राने लिहिलं आहे, वाचणार यंत्र, आणि त्यावरचं माझं आभाराचं भाषणही, माझ्याच आवाजात, यंत्रच करणार. मला सूचना आहे की खुर्चीत बसावं, हार घालून घ्यावा आणि भाषण संपलं की हात जोडावेत. म्हणजे मयताला जेवढं काम असतं त्याहून थोडंच जास्त.

तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका. दुकान बंद ठेवावं एवढं त्यात काही नाही. अक्काला सांगा, भाऊ मजेत आहे.

आपला,
आबाराव
(सही माझी आहे. हात अजून कुणी मागितलेला नाही.)

ता. क. : आभाराचं भाषण मीच करतो म्हणून अमनला बजावलं होतं. त्याने लगेच होकारही दिला. सोमवारपासून कागद पुढे घेऊन बसलो आणि काल मीच माघार घेतली. एक ओळ लिहितो आणि वाटतं, हे तर यंत्राने आधीच म्हटलंय.

ता. क. दुसरा : तृप्ती काल म्हणाली, "काका, मी बोलू का तुमच्यावर?" डोळे भरून आले. मग म्हणाली, "मशीनकडून लिहून घेऊ?" कोरडे झाले.

ता. क. तिसरा : दाजी, या. वर लिहिलेलं खोटं आहे. शहागडवरून जीप नाही मिळाली तर ट्रकने या, पण या. माझ्यावर चार शब्द तुम्ही बोला. कागद नको, मोबाईल अक्काकडे ठेवून या. अडखळा, घाम पुसा, मध्येच विसरा, मी आयुष्यभर तुम्हाला हसलो ते वसूल करा. आणि काहीच सुचलं नाही तर "जेवा आता" म्हणा. तेवढं फक्त माझ्याकडे बघून म्हणा.