निम्मं माहेर

प्रिय अहो,

चौतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. हातकणंगले स्टेशनवर माझी बॅग उचलायला तुम्ही आला असाल आणि डब्यातून एकटी संयोगिता उतरली असेल. तिच्यावर ओरडू नका, तिनं फक्त पत्र आणलंय. आमची बायकांची सहल अथेन्सहून परतली, मी मागं राहिले. कुठं, ते तुम्ही ओळखलंच असेल. होय, आपल्या मोनाकडं.

हे गाव म्हणजे डोंगराच्या पायाशी पन्नासेक पांढरी घरं आणि पुढं समुद्र. दुपारची जेवणं झाली की सगळं गाव दारं लोटून झोपतं, मांजरंसुद्धा होड्यांच्या सावलीला. मीही खिडकीशी आडवी होते. डोळा लागता लागता लाटांचा आवाज आपल्या उसात वारा शिरल्यासारखा वाटतो, आणि मी नेमकी कुठं आहे ते बराच वेळ कळत नाही. तुम्ही सोप्यात पेपर वाचताय, मोना आत अभ्यासाला बसलीय, असंच वाटत राहतं. उठावंसंच वाटत नाही.

पहिल्या दिवशी मात्र जीव मुठीत धरून आले होते. धक्क्यावर जाळी, दोरीवर वाळत घातलेले आठ पायांचे जीव. मी पदर नाकाला लावला. मोनाची सासू एवांथिया मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि एक कोरं पातेलं दाखवलं, वरचं लेबलसुद्धा तसंच. यात मासळी कधी शिजणार नाही, हे तिनं नुसत्या हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यात ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस त्यांच्या मरियममातेचा उपवास. मासे, अंडी, दूध काही नाही. माझा चातुर्मास, तिचा उपवास. माझ्यासाठी तीही आपल्या जैनांसारखी दिवस मावळायच्या आत ताट वाढून घेते. मसुराची आमटी, भाकरीसारखा जाड पाव. एकमेकींची भाषा कळत नाही आणि गप्पा काही संपत नाहीत.

जावई मानोलिस मासेमारीच करतो, ते लपवणार नाही. मला ते आवडत नाही, पुढंही आवडणार नाही. पण घरात यायच्या आधी तो अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात घासतो, माझ्यासाठी. सहा वर्षांपूर्वी, मासं मारणाऱ्याच्या घरात गेलीस तर हितला उंबरा तुला न्हाय, असं तुम्ही पोरीला सुनावलंत. मी दाराआड गप्प उभी राहिले. तुमच्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

बॅगेतला डिंक, खारीक, अळीव बघून सहलीला हे कशाला, असं तुम्ही विचारलं होतं. वाटेत खायला, म्हणाले. साफ खोटं बोलले. मोनाला आठवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिला माहेरी येता येत नाही, म्हणून मी माहेर घेऊन इथं आले. लाडू वळून झाले. पण संध्याकाळी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवते आणि दाराकडं बघत राहते. कुणाची वाट बघतेस विचारलं की कुठं कुणाची, म्हणते. तुमचा पासपोर्ट माझ्या कपाटात, इरकलीच्या घडीखाली आहे. व्हिसाचं सगळं संयोगिताच्या ऋतुराजला सांगून ठेवलंय. निम्मं माहेर पोचलंय हो. उरलेलं निम्मं तेवढं तुम्ही घेऊन या.

वाट बघणारी,
तुमचीच
त्रिशला