पूजेचा नकाशा

सर, तुमचा नियम परवा कोहमाऱ्याला कामी आला आणि तेव्हापासून तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. तुम्ही असता तर आधी चष्मा पुसला असता आणि विचारलं असतं, "कोणता नियम बाप्पा? नियम तर मी ढीगभर केले." तोच सर, जुना कागद हातात आल्याशिवाय नवा द्यायचा नाही.

आता आमच्याकडे कागदच फारसा नसतो. तुमच्या आयटीआयच्या हॉलमध्ये एक भिंत सरकवायची तर ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडावी लागायची, श्वास रोखून, आणि कागद फाटला की तुमचं "शाबास!" ऐकावं लागायचं. ते शाबास शिवीपेक्षा जड. मी आता गोंदियात एका इंजिनियरच्या ऑफिसात बसते आणि भिंत माउसने सरकवते. नवं ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये चढवलं की ते त्याला आपोआप रिव्हिजनचा नंबर देतं, जुन्यावर लाल अक्षरांत 'रद्द' छापतं. मी 'पाठवा' दाबते की मालक आणि मिस्त्री दोघांना ईमेल जातो, आणि त्यांनी तो उघडला की नावापुढे हिरवी खूण येते. त्या हिरव्या खुणांवर माझा भारी जीव. दोन्ही खुणा आल्या की मी हात झटकून डबा उघडते. कोहमाऱ्याला एक ढाबा बांधायचाय, त्याचंही तसंच झालं. मालकांच्या आई दुसऱ्या भेटीत सहज बोलून गेल्या की मोहाच्या झाडापाशी पूर्वी विहीर होती, मग बुजवली. मी हादरलेच. आमचा कोपऱ्यातला कॉलम नेमका तिथेच होता. भरावाच्या मातीवर उभा केला असता तर दोन पावसाळ्यांत अख्खा ढाबा त्या बाजूला कलला असता. मी कॉलम चार फूट आत घेतला, तिसरं रिव्हिजन पाठवलं, दोन हिरव्या खुणा आल्या, मालकांनी वर अंगठाही पाठवला. झालं, मी निश्चिंत.

परवा सकाळी मालकांनी कौतुकाने फोटो पाठवला: खड्डे तयार, उद्या काँक्रीट. फोटोत कोपऱ्यातला खड्डा मोहाच्या अगदी बुडाशी. मी फोन लावला तर कोणी उचलेना. तशीच उठले, नवीन प्रिंट बॅगेत कोंबली, मिळेल ती बस धरली आणि कोहमारा येईपर्यंत मनातल्या मनात त्या मिस्त्रीला झोडपत राहिले.

मिस्त्री माझ्यापेक्षा वयाने मोठे, शांत माणूस. "ईमेल पाहिला नाही का जी?" मी विचारलं. "पाहिला ना मॅडम. चांगला नकाशा आहे," ते म्हणाले. मग हे काय, म्हटलं, तर त्यांनी साइटवरच्या झोपडीच्या खांबावरून माझं पहिलं ड्रॉइंग काढून दाखवलं. भूमिपूजनाला भटजींनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं, आणि मिस्त्रींनी ते हळदकुंकवासकट लॅमिनेट करून आणलं होतं! "पूजा याची झाली. मंग बिनपूजेच्या नकाशावर काऊन खोदू?" सर, मी भांडायची सगळी तयारी करून गेले होते आणि मला हसूच फुटलं. आमच्या सॉफ्टवेअरने रद्द केलेला कागद तिथे देवाच्या जागी टांगलेला होता, आणि देवाला 'रद्द' कोण म्हणणार?

मी विहिरीचं सांगितलं. मिस्त्री ऐकेनात, मालक डोकं खाजवत उभे. शेवटी मालकांच्या आईच खाटेवरून उठल्या. "कायले भांडून राहिले? याचीबी पूजा करू ना. हळद संपली का गावातली?" मी बॅगेतून नवीन प्रिंट काढली, मोहाखाली पाटावर ठेवली, आईंनी हळदकुंकू वाहिलं, मालकांनी नारळ फोडला. खोबरं चावता चावता मिस्त्री स्वतःच म्हणाले, "आता चार फूट आत घेतो." मी निघाले असते, पण एकदम तुमचा आवाज आला. हात पुढे केला, म्हटलं, जुना द्या. ते पूजेचा कागद सोडेनात. आई म्हणाल्या, "दे ना बाप्पा, पोरगी देवापाशी ठेवेल." तो आता माझ्या देवघरात आहे. संध्याकाळी मिस्त्रींनी खड्डा बुजवून नवीन खोदल्याचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझं कौतुक केलं आणि तुमचा नियम सॉफ्टवेअरमध्ये टाकायला लावला: जुन्या प्रिंटचा फोटो परत आल्याशिवाय नवीन रिव्हिजन पूर्ण झालं असं धरायचं नाही.

कौतुक ऐकताना माझे कान तापले, सर. तो नियम तुम्ही कधी केला ते मला पाठ आहे. तुमचं नागऱ्याचं घर चालू होतं. काकूंना स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला हवी होती, पोळ्या लाटताना देवळाचा कळस दिसावा म्हणून. तुम्ही नकाशा बदललात आणि मी नागऱ्याचीच म्हणून नवी ट्रेसिंग तिथल्या मिस्त्रीला द्यायला माझ्याकडे दिलीत. सोमवारी पाहिलं तर पूर्वेची भिंत सबंध उठलेली आणि खिडकी शेजारच्या गोठ्याकडे. तुम्ही विचारलंत, "कागद दिला होता ना?" मी म्हटलं, "हो सर." मिस्त्री नाही म्हणत होता. तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत. वर्गात येऊन फळ्यावर नियम लिहिलात आणि म्हणालात, "चूक माझी. त्याच्याकडे दोन कागद झाले, मी जुना परत घ्यायला पाहिजे होता." काकू अजूनही मला चहा देताना हसतात, "पाह्य, माह्या नशिबात कळस नाही, म्हशीचं शेपूट."

नागऱ्याच्या मिस्त्रीकडे दोन कागद कधीच नव्हते, सर. त्या शनिवारी मंडईची जत्रा होती, मी परस्पर नाटक पाहायला गेले आणि तुमची ट्रेसिंग रविवारभर माझ्या बॅगेत राहिली. ती अजून माझ्याकडे आहे. पूर्वेच्या भिंतीत खिडकी फोडायचं ड्रॉइंग मी काल काढलंय आणि रविवारी काकूंकडे हातात घेऊन जाणार आहे, जुन्या ट्रेसिंगसकट. त्यांना खरं सांगेनच. तुम्हाला सांगायला मात्र उशीर केला, तुम्ही गेलात, म्हणून हे पत्रही आता त्याच बॅगेत ठेवते.