फेज, न्यूट्रल आणि पिवळी लोकर

बाबा,

क्रोशाचा क्लास घ्यायला जातेय. चौघीजणी पुन्हा यायला तयार झाल्यात. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. नाहीतर तसंच गार गिळाल.

इतके महिने बंद ठेवलेलं लोकरीचं कपाट आज उघडलं आणि बघतच राहिले. सगळा गुंता सुटलेला. वायरमनचा हात लपतो होय? लोकर कोपराला गुंडाळून वेटोळी केलीत, वर टेप लावून लिहिलंत: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. टेप लोकरीला घट्ट चिकटलीय. ती मी सोडवेन, तुम्ही कात्री घेऊन बसू नका.

रिकाम्याच राहिलेल्या पाळण्यासाठी आणलेली पिवळी तेवढी मऊ कापडात बांधून मागे ठेवलीत. तिच्यावर काहीच लिहिलं नाहीत. बरं केलंत.

क्रोशात एका बुटक्या टाक्याला मुका खांब म्हणतात. मी तो शब्द काढला की तुमचा मुलगा तुमच्याकडे बघून हसतो. हसू दे. वीण घट्ट बसते ती त्याच टाक्याने.

पिवळी सोबत नेतेय. सुरुवात मुक्या खांबानेच करेन.

सूनबाई