पागोटं आणि भाकर

जवळा बाजार, १३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. आशास, अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि तू निम्मंच सांगतेस, म्हणून पत्र. मराठवाडा मुक्तिदिनाला सृष्टी शाळेत भाषण करणार म्हणे. नात आजीवर गेली असेल तर माइक सोडायची नाही! जीपवाल्या देविदासकडे आपल्या आजोबांचा खाकी कोट पाठवलाय, पोरीच्या अंगात घाल. छातीवरचा पितळी बिल्ला चिंचेनं घासलाय. वर पागोटं, खाली भाकर. शेतकऱ्यांच्या लढ्याची निशाणी ती, मी गावात दरसाल सांगतोच. कडेची उर्दू अक्षरं वाचता येत नाहीत, पण तेव्हा सगळंच उर्दूत होतं. कोट धुऊ नकोस, भावाला विसरू नकोस.

तुझा,
उत्तमदादा

सेनगाव, १८ सप्टेंबर

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू? सृष्टी छान बोलली. पाहुण्या मालनबाई होत्या. निजामाच्या पोलिसांनी त्यांच्या वडिलांना धरून नेलं, ते परत आलेच नाहीत. म्हातारीनं उठून बिल्ल्याला हात जोडले. मी अभिमानानं फुगून बसले होते. मग एका जुन्या गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की ते पागोटं निजामाचं, भाकर म्हणजे त्याच्या झेंड्यावरचा कुलचा, आणि अक्षरं पोलीस खात्याची. दादा, आजोबा त्या पोलिसांत होते. सृष्टी जेवत नाही. मालनबाईंना सांगू की गप्प बसू? रागवा, पण माया तोडू नका.

तुमची आशा

जवळा बाजार, २२ सप्टेंबर

चि. सौ. आशास आशीर्वाद.

रागवू कुणावर? भाकर दिसली आणि आजोबांना लढ्यातला शेतकरी मीच केला. कोटाचं विचारलं की आपले वडील उठून जायचे, तेव्हाही मला उमज पडली नाही. आता पारावर जायची लाज वाटते. गप्प बसू नकोस. गुडघे धरलेत, नाहीतर मीच आलो असतो. माझ्या वतीनं त्यांचे पाय धर. भाऊ खोटा निघाला तरी तुझाच आहे.

उत्तमदादा

सेनगाव, २७ सप्टेंबर

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

काल सृष्टीला घेऊन गेले. पाय धरले, सगळं सांगितलं. मालनबाईंनी पोरीला जवळ बसवलं. म्हणाल्या, बिल्ला म्या लांबूनच वळखला व्हता, बापाला नेलं तवा डोळ्याम्होरं त्योच व्हता. पण म्होरल्या रांगेत दोघं बिल्ल्याकडं बघून हसून राहिले व्हते. भरल्या सभेत लेकराची फजिती नको, म्हून हात जोडले. म्या हात जोडल्यावर कोण काय बोलतंय?

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, दादा. लोभ असावा, एवढं लिहायचीही आज लाज वाटते.

आशा