भीमा शिपायांनी मागितलेली माफी

मी, अण्णाराव चनमल्लप्पा बिराजदार, वय वर्षे शहात्तर, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार जुळे सोलापूर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवीत आहे. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले असले तरी वाचता येते. स्मरणशक्ती शाबूत आहे; थोडी कमी असती तर बरे झाले असते. वकिलांनी केलेला मसुदा दीड पानाचा होता. मधला मजकूर माझा आहे आणि तो कोणी गाळू नये.

१. राहते घर, खाली दोन खोल्या व वर एक, माझा मुलगा मल्लिकार्जुन व मुलगी अंकिता यांना समान हिश्शाने द्यावे. वरच्या खोलीची गच्ची गळते हे मल्लिकार्जुनला दहा वर्षे सांगत आलो. आता त्याचीच आहे, बघून घ्यावे.

२. बँकेतील ठेव सूनबाई भार्गवी हिला द्यावी. ऑपरेशननंतर दोन महिने तिने मला वेळेवर थेंब घातले, आणि माझा तिरसटपणा मनावर घेतला नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. इंग्रजीची सर्व पुस्तके अंकिताला द्यावीत. अपवाद एकच. लोखंडी ट्रंकेत धोतराच्या घडीखाली हिरव्या पुठ्ठ्याचा जाड व्याकरणाचा ग्रंथ आहे, तो माझे शाळेतले जुने सहकारी, इतिहासाचे शिक्षक उदयसिंह मोहिते यांना द्यावा. तो ग्रंथ त्यांनी नेला आणि परत केला नाही, असे मी पस्तीस वर्षे सर्वांना सांगत आलो. ते खोटे आहे. ग्रंथ मीच लपवला होता. उदयसिंहांनी एकदा माझ्यासमोर हात जोडून सांगितले, "बिराजदार, आईची शपथ, मी नाही नेलं." मी म्हणालो, "जाऊ द्या, पुस्तकच आहे." म्हणजे चोरीचा आळ घालून वर मोठेपणाही घेतला.

४. तो ग्रंथ का लपवला, ते आता लिहितो.

माझे घरचे बोलणे कानडी, शाळा मराठी. इंग्रजी मी अक्कलकोटला एका मास्तरांकडून शिकलो. नावाला एस जोडण्याआधी डोक्यावर जो स्वल्पविराम देतात, त्या अपॉस्ट्रॉफीबद्दल त्यांचा एकच नियम होता: मालकी आली की टोपी घालायची. मुलाचे पुस्तक, टोपी. राजाचा घोडा, टोपी. मग 'त्याची शेपटी' यातल्या its लाही टोपी. हा नियम मी चौदा वर्षे जसाच्या तसा वर्गाला शिकवला. टोपीवाले it's म्हणजे 'इट इज'चे आखूड रूप, मालकीच्या its ला टोपी नसते, हे मला ठाऊक नव्हते.

ऑगस्ट १९८९, नववी ब. मी फळ्यावर कुत्र्याने शेपटी हलवल्याचे वाक्य लिहिले आणि its वर ठसठशीत टोपी काढली. काशम्माने हात वर केला. काशम्मा ही आमच्या शाळेचे शिपाई भीमा हणमंत वाघमोडे यांची मुलगी. ती म्हणाली, "सर, पुस्तकात असल्या ठिकाणी टोपी नाही."

मी पुस्तक बघितले. खरेच नव्हती. मी म्हणालो, "छपाईची चूक आहे."

ती म्हणाली, "सर, तीन धड्यांत तीच चूक कशी झाली?"

वर्ग हसला. मी तिला व्हरांड्यात उभे केले आणि माझे वाक्य टोपीसकट शंभर वेळा लिहायला लावले. व्हरांड्याच्या टोकाला भीमा घंटेपाशी उभे होते. ते सगळे पाहत होते.

मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत सर्वांसाठी ठेवलेला माझा तो हिरवा ग्रंथ मी काढला. पान सापडायला दोन मिनिटे लागली. पोरीचे बरोबर होते. संध्याकाळी ग्रंथ पिशवीत घालून मी घरी नेला, म्हणजे दुसऱ्या कोणी पडताळून पाहू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमा टोपी हातात धरून शिक्षकांच्या खोलीत आले. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा माणूस. सात-आठ शिक्षक बसले होते. भीमा म्हणाले, "सर, पोर चुकली. पुन्हा न्हाय बोलणार. मनात ठेवू नका."

तेव्हा खरे काय ते मला माहीत होते. एवढेच सांगायचे होते की भीमा, पोरीचं बरोबर आहे. मी म्हणालो, "ठीक आहे. पोरीला जरा वळण लाव."

ते "व्हय सर" म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

पुढच्या जूनपासून मी बरोबर शिकवू लागलो, जणू पहिल्यापासून तसेच शिकवत होतो. आधीच्या चौदा वर्गांना कधी कळवले नाही. काशम्माने त्यानंतर माझ्या तासाला हात वर केला नाही. दहावीला इंग्रजीत शाळेत पहिली आली ती. भीमा विचारायला आले, "कॉलेजात इंग्रजी घेती म्हणती. तुमी म्हणाल तसं करतो." मी म्हणालो, "झेपायचं नाही तिला. शिवणकाम शिकव." असे का म्हणालो, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. ती शिकून कधीतरी समोर उभी राहील याची मला भीती वाटत होती. दुसरे कारण सापडत नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न होऊन ती मोडनिंबला गेली.

५. गेल्या फेब्रुवारीत मी एसटीने मोडनिंबला गेलो. बाजारपेठेत तिचे शिवणकामाचे दुकान आहे. वर इंग्रजी पाटी, 'लेडीज टेलर'. सोलापूरच्या नव्या पेठेत अशा पंचवीस पाट्या आहेत, आणि टोपी कुठे नाहीच, कुठे भलत्याच ठिकाणी. तिच्या पाटीवर ती, अनेकवचनाला लागते तशी, बरोबर एसच्या नंतर होती.

तिने लगेच ओळखले. स्टूल दिले, चहा सांगितला. मी सगळे सांगितले. ती ब्लाऊजचे कापड बेतत होती, तिची कात्री थांबली नाही.

"मला ठाऊक हाय की, सर," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी आप्पांना पुस्तक दाखवलं हुतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण टोपी हाय का न्हाय एवढं दिसतं की कुणालाबी. तिन्ही धडे बोट लावून बघितले त्यांनी."

"मग माफी का मागितली?"

"म्हणाले, तुझं बरोबर हाय. पर मला रोज तितं घंटा वाजवायची हाय."

मी तिची माफी मागितली.

"माझी कशाला? आप्पांची मागायची हुती. त्यांना जाऊन बारा वर्सं झाली." मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या खोलीतनं परत आले त्या दिवशी जेवले न्हाईत. मला काय बोलले न्हाईत, नुसते जेवले न्हाईत. हे तुमाला म्हाईत असावं."

मी विचारले, काय करू? ती म्हणाली, "लिहून द्या. तोंडी नको."

६. म्हणून लिहून देतो. भीमा हणमंत वाघमोडे यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये माझी जी माफी मागितली, ती मागण्याचे त्यांना काही कारण नव्हते. त्यांच्या मुलीचे बरोबर होते, माझे चुकले होते, आणि माफी स्वीकारताना हे मला माहीत होते. या कलमाची एक प्रत भार्गवीने शाळेत मुख्याध्यापकांकडे पोचवावी व पोच घ्यावी. मल्लिकार्जुन म्हणाला, "बाबा, एवढ्याशा खुणेसाठी मेल्यावर बदनामी कशाला?" त्याला मी कलम चार पुन्हा वाचायला दिले.

७. माझे शिवणयंत्र, म्हणजे दिवंगत पत्नीचे, काशम्माला द्यावे, आणि या कागदावर साक्षीदार म्हणून सहीही तिचीच घ्यावी, असे माझ्या मनात होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये. काशम्माला फोन करून विचारले. ती म्हणाली, "मशीन नको. सहीला येते." यंत्र भार्गवीकडेच राहावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, खालील दोघांच्या समक्ष सही केली आहे.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

(सही) अण्णाराव चनमल्लप्पा बिराजदार

साक्षीदार:

१) (सही) अजिंक्य शिवशरण कुंभार, शेजारी, राहणार जुळे सोलापूर

२) (सही) काशम्मा बाळू शेंडगे, वय ४९, राहणार मोडनिंब, ता. माढा. भीमा हणमंत वाघमोडे यांची मुलगी. कलम सहा दोनदा वाचले. बरोबर आहे.